वाद्यवृंद, पाच पोरं आणि हरवलेलं बाड

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

रॉक संगीत म्हटलं की आपल्याकडे अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. लांब केस, कर्कश गिटार, कानठळ्या बसवणारे ड्रम आणि समोर बेभान झालेली तरुण मुलं, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. पाश्चात्त्य अभिजात संगीत म्हटलं की दुसरं चित्र येतं. काळे कोट घातलेले गंभीर वादक, समोर छोटी काठी हातात घेतलेला संचालक आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल अशा शांततेत बसलेले श्रोते. ही दोन चित्रं एकाच चौकटीत बसवायची ठरवली तर काय होईल? आज मी तुम्हाला अशाच एका मैफलीची गोष्ट सांगणार आहे. ती झाली लंडनला, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये. तिचं ध्वनिमुद्रण तबकडीवर निघालं, आणि पुढे त्या तबकडीवर अशी काही जबाबदारी येऊन पडली की जी काढणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हती.

तबकडीचं नाव 'कॉन्चेर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा'. ग्रुप म्हणजे 'डीप पर्पल' हा पाच जणांचा इंग्लिश बँड, आणि ऑर्केस्ट्रा म्हणजे 'रॉयल फिलहार्मोनिक', सर थॉमस बीचम यांनी १९४६ साली उभा केलेला नामांकित वाद्यवृंद. रचना होती बँडचा ऑर्गनवादक जॉन लॉर्ड याची. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता.

आधी त्या काळाबद्दल थोडं सांगतो. १९६७ च्या सुमारास ब्रिटनमधल्या काही तरुण वादकांना तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट अपुरी वाटू लागली. त्यांना लांब, अनेक भागांच्या रचना करायच्या होत्या. अभिजात संगीतातली घडण, जॅझमधली उत्स्फूर्तता आणि रॉकचा जोर हे सगळं त्यांना एकत्र हवं होतं. या धडपडीला पुढे 'प्रोग्रेसिव्ह रॉक' हे नाव पडलं. १९६७ साली 'मूडी ब्लूज' या बँडने 'डेज ऑफ फ्यूचर पास्ड' ही ध्वनिमुद्रिका वाद्यवृंद घेऊन केली. पण ती स्टुडिओतली. तिथे चुकलं तर पुन्हा वाजवता येतं. बँड एका दिवशी आणि वाद्यवृंद दुसऱ्या दिवशी मुद्रित करून नंतर जोडता येतो. लॉर्डला दोघं एकाच मंचावर, एकाच वेळी, श्रोत्यांसमोर हवे होते.

हा लॉर्ड लेस्टर या गावचा. लहानपणापासून पियानोचं रीतसर शिक्षण झालेला. पुढे जॅझ आणि ब्लूजच्या नादाला लागून तो हॅमंड ऑर्गन वाजवू लागला. तरुणपणी त्याच्या हाती जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेकची एक तबकडी पडली. तीत ब्रूबेकचं जॅझ पथक आणि न्यूयॉर्क फिलहार्मोनिक वाद्यवृंद समोरासमोर वाजवतात, आणि संचालन लेनर्ड बर्नस्टाइन यांचं आहे. जॅझला हे जमतं तर रॉकला का जमू नये, हा किडा त्याच्या डोक्यात शिरला. बँडचे व्यवस्थापक टोनी एडवर्ड्स यांच्या कानावर ही कल्पना गेली. त्यांनी थेट अल्बर्ट हॉल आरक्षित करून टाकला आणि मग लॉर्डला तारीख सांगितली. रचनेचा मात्र तोवर पत्ता नव्हता! बँडचे कार्यक्रम चालूच होते. ते आटोपून रात्री घरी येऊन लॉर्ड लिहीत बसे.

आता 'कॉन्चेर्टो' म्हणजे काय ते पाहू. हा शब्द इटालियन. एका बाजूला एकटा वादक, समजा व्हायोलिनवाला किंवा पियानोवाला, आणि दुसऱ्या बाजूला अख्खा वाद्यवृंद. त्यांचा संवाद चालतो, कधी वाद होतो, कधी एकजण दुसऱ्याला साथ देतो. रचनेचे बहुधा तीन भाग असतात, मध्यम किंवा द्रुत, मग संथ, आणि शेवटी पुन्हा द्रुत. यात एक खास जागा असते, तिला 'कॅडेन्झा' म्हणतात. तिथे वाद्यवृंद हात बांधून गप्प बसतो आणि एकट्या वादकाला मोकळीक मिळते. पूर्वीच्या काळी या जागेत वादक आयत्या वेळी सुचेल ते वाजवत असत. म्हणजे लेखी संगीताच्या भक्कम वाड्यात उपजेसाठी ठेवलेली ही एक खिडकीच होती.

लॉर्डने ही खिडकी बरोबर हेरली. एकट्या वादकाच्या जागी त्याने आपला बँड बसवला. पहिल्या भागात बँड आणि वाद्यवृंद एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत. आधी वाद्यवृंद बराच वेळ एकटाच वाजवतो, मग बँड धाडकन घुसतो आणि एकाच मुख्य सुरावटीवर दोघंही हक्क सांगू लागतात. यात क्लॅरिनेटला एक कॅडेन्झा आहे आणि इलेक्ट्रिक गिटारलाही एक आहे. म्हणजे दोन्ही पक्षांना बाजू मांडायची संधी. दुसरा भाग संथ, दोन सुरावटींवर उभारलेला. त्या सुरावटी कधी वाद्यवृंद वाजवतो, कधी बँड, कधी दोघं मिळून. आणि इथेच इयन गिलन गातो. गंमत म्हणजे या गाण्याचे शब्द त्याने अगदी मैफलीच्या दिवशी लिहिले असं सांगतात. तिसऱ्या भागात सगळे एकत्र धावतात. ताल सहा-आठ आणि दोन-चार यांत आलटून पालटून फिरतो, आणि मध्ये इयन पेसचं एकट्याचं ड्रमवादन आहे. पाऊण तासाहून अधिक चालणारी अशी ही रचना आहे.

मी हिंदुस्थानी संगीत ऐकत वाढलेला माणूस. ही तबकडी प्रथम ऐकली तेव्हा मला प्रश्न पडला, की यात एवढं अवघड ते काय? वादक कसलेले, रचना लिहिलेली, मग वाजवायला घ्यायचं. पुढे हळूहळू समजत गेलं की अडचणी पुष्कळ होत्या, आणि प्रत्येक अडचण वेगळ्या जातीची होती.

पहिली अडचण आवाजाची. वाद्यवृंदातला आवाज विजेवर चालत नाही. तिथे शक्ती येते ती संख्येतून. एक व्हायोलिन मोठ्या सभागृहात पुरत नाही म्हणून वीस-तीस व्हायोलिनं एकत्र वाजतात. रॉक गिटारवादक मात्र एकटा असतो आणि त्याच्यामागे ॲम्प्लिफायर असतो. त्याने खटका फिरवला की तीस व्हायोलिनं गडप! शिवाय वाद्यवृंदाचं सौंदर्य हळू आणि मोठ्या आवाजांतल्या असंख्य पायऱ्यांमध्ये असतं. रॉक बँड बहुतेक वेळ वरच्या दोन-तीन पायऱ्यांवरच उभा असतो. त्यातून अल्बर्ट हॉल हा १८७१ साली उघडलेला प्रचंड, गोल घुमटाचा वाडा, पाच हजारांवर माणसं मावणारा. तिथला प्रतिध्वनी इतका कुप्रसिद्ध की तो कमी करण्यासाठी छताखाली फायबरग्लासच्या मोठमोठ्या तबकड्या टांगाव्या लागल्या. हे कामही १९६९ च्याच सुमारास झालं.

दुसरी अडचण काळाची, म्हणजे लयीची. रॉक बँडमध्ये लय ड्रमवाल्याच्या हातात असते आणि बाकीचे ती कानाने पकडतात. वाद्यवृंदात लय संचालकाच्या काठीत असते आणि वादक ती डोळ्याने पकडतात. आता एका मंचावर लयीचे दोन मालक झाले. बरं, आवाजाला प्रवासाला वेळ लागतो, साधारण सेकंदाला ३४० मीटर. मंचाच्या एका टोकाचा ड्रम सतरा मीटरवर बसलेल्या वादकाला सेकंदाचा विसावा भाग उशिरा ऐकू येतो. विसावा भाग म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण द्रुत लयीत तेवढ्याने ठोका पुसट होतो. त्या वादकाने कानावर विश्वास ठेवला तर तो मागे पडणार. त्याला ड्रम ऐकू येत असूनही तिकडे दुर्लक्ष करून काठीकडे पाहत राहावं लागतं. आणि ड्रमवाल्याला आपल्या स्वभावाविरुद्ध दुसऱ्याच्या काठीशी जमवून घ्यावं लागतं.

तिसरी अडचण मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ती आहे कागदाची. वाद्यवृंदातल्या प्रत्येकासमोर लिहिलेलं नोटेशन असतं. प्रत्येकाकडे फक्त स्वतःच्या वाद्याचं पान, आणि संचालकाकडे सगळ्यांचं मिळून एक जाडजूड बाड. समोरच्याने एक मात्रा जास्त घेतली तरी अख्खी गाडी रुळावरून घसरते. रॉकवाले बहुतेक कानाने शिकलेले. लॉर्डला नोटेशन येत होतं, पण रॉक गिटारवादकाच्या एकल वादनाचा जीवच मुळी 'आज काय सुचतंय' यात असतो. आपल्याकडे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला गेला. संगीतकार चाल हार्मोनियमवर ऐकवायचा, आणि अँथनी गोन्साल्विस किंवा सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे गोव्याचे जाणकार ती कागदावर उतरवून वाद्यवृंदाला द्यायचे. अल्बर्ट हॉलमध्ये मधला माणूस नव्हता. रचनाकार स्वतःच बँडमध्ये ऑर्गनवर बसलेला होता आणि दोन्ही भाषा येणारा तिथे दुसरा एकच जण होता. तो म्हणजे संचालक माल्कम अरनॉल्ड.

अरनॉल्ड हे नाव आपल्याकडच्या जुन्या सिनेरसिकांना ठाऊक असेल. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' या चित्रपटाच्या संगीतासाठी त्यांना ऑस्कर मिळालं होतं. मूळचे ते ट्रम्पेटवादक, लंडन फिलहार्मोनिकमध्ये वाजवलेले. म्हणजे वाद्यवृंदात बसणाऱ्या माणसाच्या मनात काय चालतं हे त्यांना आतून माहीत होतं. तालमींच्या वेळी काही वादकांनी नाकं मुरडली. या केसाळ पोरांबरोबर वाजवायला आम्ही इथे आलो नाही, असा सूर निघाला. लॉर्ड आणि त्याचे सहकारी पुढे सांगत, की अरनॉल्ड यांनी तेव्हा आपल्याच वादकांना खडे बोल सुनावले आणि बँडची बाजू घेतली. सत्तेचाळीस वर्षांच्या मान्यवर संगीतकाराने ही जोखीम घेतली हे लक्षात ठेवायला हवं. फजिती झाली असती तर पोरांना लोकांनी हसून सोडून दिलं असतं, पण अरनॉल्ड यांचं नाव खराब झालं असतं. त्या रात्रीच्या कार्यक्रमात अरनॉल्ड यांची स्वतःची सहावी सिंफनीही होती. त्यानंतर बँडने आपली तीन गाणी वाजवली आणि शेवटी ही रचना झाली.

त्या तीन गाण्यांतल्या एकाचं नाव 'चाइल्ड इन टाइम'. याच्याशी आपल्या मुंबईचा एक मजेशीर धागा जुळतो. या गाण्याची ऑर्गनवरची मूळ सुरावट सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या बँडच्या एका वाद्यरचनेवरून घेतलेली आहे, आणि त्या रचनेचं नाव 'बॉम्बे कॉलिंग'! पुढे एप्रिल १९९५ मध्ये डीप पर्पल खरोखरच मुंबईत आले. लॉर्ड तेव्हा बँडमध्ये होता. त्या मैफलीचं चित्रण नंतर याच नावाने प्रसिद्ध झालं.

ध्वनिमुद्रणाकडे वळू. स्टुडिओत प्रत्येक वाद्य वेगळं ठेवता येतं. मंचावर तसं होत नाही. व्हायोलिनसमोर ठेवलेल्या मायक्रोफोनमध्ये ड्रमही शिरतो. नंतर व्हायोलिनचा आवाज वाढवायला जावं तर ड्रमही वाढतो. तबकडीत हे जाणवतं. काही ठिकाणी तंतुवाद्यं मागे ढकलली गेल्यासारखी वाटतात, काही ठिकाणी बँड आणि वाद्यवृंद यांच्यातला सांधा दिसतो. पण त्याच तबकडीत स्टुडिओत सापडणार नाही अशी एक गोष्ट आहे. गिटारची कॅडेन्झा संपत आली की वाद्यवृंद परत येणार कसा, याची धास्ती तिथे ऐकू येते, आणि तो बरोबर येतो तेव्हा आपल्यालाही हायसं वाटतं. पुन्हा वाजवायची सोय नसलेल्या माणसांचं हे वाजवणं आहे.

मैफल गाजली. बीबीसीने तिचं चित्रण केलं होतं. तबकडी अमेरिकेत १९६९ च्या अखेरीस आणि ब्रिटनमध्ये १९७० च्या सुरुवातीला आली. मतं मात्र दुभंगली. काहींना ती क्रांती वाटली, काहींना ना धड हे ना धड ते. बँडमध्येसुद्धा एकवाक्यता नव्हती. गिटारवादक रिची ब्लॅकमोर याला वाद्यवृंदाची साथ-संगत फारशी रुचली नाही. त्याला दणदणीत रॉकच करायचं होतं, आणि १९७० मध्ये आलेल्या 'इन रॉक' या ध्वनिमुद्रिकेने बँड त्याच वाटेला लागला. ऑगस्ट १९७० मध्ये अमेरिकेतल्या हॉलीवूड बोल या खुल्या रंगमंचावर लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकबरोबर लॉर्डची रचना आणखी एकदा वाजली. आणि त्यानंतर तिचं नोटेशन हरवलं.

मंडळी, हे 'हरवलं' म्हणजे काय ते नीट समजून घ्या. वाद्यवृंदाची रचना ही कागदावरच असते. एखादी बंदिश गुरूच्या गळ्यात असते, शिष्याच्या गळ्यात असते. वही जळाली तरी ती लगेच मरत नाही. पण वाद्यवृंदातल्या दुसऱ्या बासूनवाल्याला आपण काय वाजवलं ते महिनाभरानंतर आठवत नसतं. त्याची गरजही नसते, कारण कागद आहे. कागद गेला की रचना गेली. खुद्द लॉर्डलाही प्रत्येक वाद्याचा प्रत्येक स्वर आठवणं शक्य नव्हतं. जवळजवळ तीस वर्षं ही रचना कुणालाच वाजवता आली नाही.

इथे ती तबकडी कामाला आली. नेदरलँड्समधल्या मार्को दे खुय नावाच्या तरुण संगीतकाराने ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकून आणि मैफलीचं चित्रण पुन्हा पुन्हा पाहून सगळं नोटेशन नव्याने लिहून काढायला घेतलं. या कामाची कल्पना करा. शेकडो स्वर एकमेकांवर चढलेले. जिथे ड्रम आणि गिटार गरजतात तिथे त्यांच्याखाली व्हिओला काय वाजवतात ते ऐकूच येत नाही. अशा ठिकाणी स्वरसंगतीचे नियम माहीत असलेला माणूस अंदाज बांधतो, की वर हा स्वर आहे आणि खाली हा, तर मधला अमुकच असायला हवा. चित्रणाचाही आधार मिळतो. गज वर जातोय की खाली, कोणती वाद्यं ओठाला लागलेली आहेत, हे डोळ्यांना कळतं. हे बाड त्याने लॉर्डपुढे ठेवलं. मग लॉर्ड, दे खुय आणि संचालक पॉल मान यांनी मिळून ते तपासलं. जिथे काहीच ऐकू येत नव्हतं तिथे शेवटचा शब्द अर्थातच लॉर्डचा.

२५ आणि २६ सप्टेंबर १९९९ रोजी त्याच अल्बर्ट हॉलमध्ये रचना पुन्हा वाजली. या वेळी वाद्यवृंद होता लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा. गिटारवर ब्लॅकमोरच्या जागी स्टीव्ह मोर्स होता. कार्यक्रमात अरनॉल्ड यांची 'फोर स्कॉटिश डान्सेस' ही रचना आवर्जून ठेवली होती. त्यानंतर बँड ही रचना घेऊन देशोदेशी फिरला. २०१२ मध्ये रॉयल लिव्हरपूल फिलहार्मोनिकबरोबर तिचं स्टुडिओतलं ध्वनिमुद्रण पूर्ण झालं. ते बाजारात येण्यापूर्वीच, १६ जुलै २०१२ रोजी, जॉन लॉर्डचं निधन झालं.

मधल्या काळात या वाटेने बरेच जण गेले. 'प्रोकोल हारम' या बँडने नोव्हेंबर १९७१ मध्ये कॅनडातल्या एडमंटन इथे तिथल्या सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर आपली गाणी मुद्रित केली आणि ती ध्वनिमुद्रिका अमेरिकेत पहिल्या पाचांत पोचली. रिक वेकमनने जानेवारी १९७४ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये ज्यूल व्हर्नची पाताळप्रवासाची कथा वाद्यवृंद आणि गायकवृंद घेऊन मांडली. १९९९ साली 'मेटॅलिका'ने सॅन फ्रान्सिस्को सिंफनीबरोबर तसंच केलं. पण यात एक फरक आहे. प्रोकोल हारमने आणि मेटॅलिकाने वाद्यवृंद आपल्या तयार गाण्यांना दिला, म्हणजे गाणं यजमान आणि वाद्यवृंद पाहुणा. असं केलं की सांधे कमी दिसतात आणि कानाला गोड लागतं. प्रोकोल हारमची तबकडी एकसंध म्हणून मला अधिक सफाईदार वाटते. लॉर्डने मात्र दोघांनाही समान मान द्यायचा हट्ट धरला. त्यामुळे त्याच्या रचनेत दोघांचं जमत नाही हेही ऐकू येतं, आणि जमतं तेव्हा ते कमावलेलं वाटतं.

नवख्या श्रोत्याने ही तबकडी ऐकायची कशी? माझं सांगणं असं, की सुरुवात तिसऱ्या भागापासून करा. तो आटोपशीर आहे आणि लगेच पकडतो. मग पहिला ऐका. त्यातली सुरुवातीची सहा-सात मिनिटं रॉकची वाट पाहत बसू नका, वाद्यवृंद काय सुरावट मांडतोय ते लक्षात ठेवा, कारण बँड येऊन तिचीच ओढाताण करणार आहे. दुसरा भाग रात्री निवांत ऐकण्याचा.

आणि जमलं तर १९६९ आणि १९९९ ही दोन्ही ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐका. वाद्यवृंदाचा भाग दोन्हींत जवळपास तोच आहे, कारण तो पुन्हा कागदावर आलेला आहे. गिटारची कॅडेन्झा मात्र पार वेगळी आहे. ब्लॅकमोरने त्या रात्री जे वाजवलं ते मोर्सने वाजवलं नाही, आणि त्याने ते वाजवावं अशी अपेक्षाही नव्हती. दे खुयने कष्टाने सगळं बाड भरून काढलं, पण ती जागा लॉर्डने मुळातच वादकासाठी मोकळी सोडलेली होती.